कंडक्टरची पिसं

सिस्टरबाईंनी चिमट्याने पिंजऱ्याच्या तळातलं शेवटचं पीस उचललं, पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये बाकीच्यांच्या ओळीत ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. एकोणीस. काल सतरा होती. त्यातल्या तीन पिसांच्या देठाला ओलं रक्त होतं. म्हणजे ती आपसूक झडलेली जुनी नव्हेत. नुकती वर येऊ पाहणारी, आतून जिवंत असलेली कोवळी पिसं होती.

"मी एक टाका घालायचा आणि तू दोन उसवायचे," त्या पिंजऱ्याला म्हणाल्या. "किती दिवस चालायचं रे हे?"

कंडक्टर वरच्या काठीवर अंग चोरून बसला होता. चोच पोचत नाही ते डोकं तेवढं जसंच्या तसं होतं, पांढरंशुभ्र, गळ्यावरचे काळे ठिपके जागच्या जागी. त्याखाली निळं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. राखाडी लव, मधून मधून गुलाबी कातडी आणि तिच्यावर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके. नवीकोरी टोपी घालून कोणी फाटक्या बनियनवर दारात उभं राहावं, तसा तो दिसत होता.

बाईंनी चिमूटभर मक्याचं पीठ बोटावर घेतलं, डाव्या मुठीत त्याला अलगद धरलं आणि रक्त आलेल्या जागी दाबलं. मुठीत त्याचं काळीज कुठे संपतं आणि आपली नाडी कुठे सुरू होते, ते कळत नव्हतं. मग त्याला सोडून त्यांनी बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले. तीनदा धुतले. पेन काढून भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलं: साडेनऊ, एकोणीस, रक्तस्राव किरकोळ, पीठ लावले.

चौतीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईच्या घरात आजार आला की भिंतीवर तक्ता लागणारच. या घरात दोन होते. एक इथे, कोठीच्या खोलीत, कंडक्टरचा. दुसरा आतल्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी, ड्रायव्हरसाहेबांचा.

साहेब म्हणजे कोणी साहेब नव्हेत, एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस. लग्नानंतर बायको त्यांना थट्टेने ड्रायव्हरसाहेब म्हणू लागली, ते तिला सिस्टरबाई म्हणू लागले, आणि गल्लीने दोन्ही नावं उचलली. निवृत्त झाल्यावर आठ दिवसांत ते हा एवढासा निळा पक्षी घेऊन आले.

"हे काय आणि?" बाईंनी विचारलं होतं.

"जन्मभर मागून घंटी आल्याशिवाय गाडी हलवली नाही मी. घरात कंडक्टर नको?"

तेव्हापासून रोज सकाळी साहेब आरशासमोर दाढी करायचे आणि कंडक्टर खांद्यावर बसून त्यांच्या बनियनचा सुटलेला दोरा ओढायचा. दाढी झाली की साहेब जिभेने टाळूवर दोनदा आवाज काढायचे. टक्, टक्. दोन घंट्या, म्हणजे गाडी सोडा. त्यावर पक्षी म्हणायचा, "चला, पुढे सरका." नुसतं म्हणायचा नाही, साहेबांच्याच घोगऱ्या, दमलेल्या, गालातल्या गालात हसणाऱ्या आवाजात म्हणायचा. स्वयंपाकघरातून ऐकताना कोण बोललं ते बाईंना ओळखू यायचं नाही.

तीन महिन्यांपूर्वी साहेबांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका सकाळी गेली. फोनमध्ये त्यांचे फोटो ढिगाने होते, आवाज एकाही ठिकाणी नव्हता. रोज कानावर पडणारी गोष्ट कोण साठवून ठेवतं? त्यांचा आवाज राहिला होता तो या तीस-पस्तीस ग्रॅमच्या जिवाच्या गळ्यात. आणि पाच आठवडे झाले, हा जीवही बोलायचा थांबला होता.

देवाशी बाईंचं बोलणं वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांशी असावं तसं होतं. मोजकं, उभ्याने, हातात कागद घेऊन. हल्ली त्या एवढंच म्हणायच्या, "देवा, यांचं जे तुला करायचं ते तू करशील. हा तेवढा राहू दे."

*

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. शेजारणीला साहेबांपाशी बसवून बाई पिंजऱ्यावर चादर टाकून निघाल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत तक्त्याचे बावीस कागद होते.

डॉक्टरीण लेकीच्या वयाची होती. तिने कंडक्टरला छोट्या काट्यावर ठेवलं.

"अठ्ठावीस. मागच्या खेपेला एकतीस होता, काकू."

"खातो. मोजून देते मी. खातो आणि तरी उतरतो."

"अंगावर पिसं नाहीत. खाल्लेलं सगळं ऊब धरण्यात जातंय." तिने पंख उलगडून भिंग लावलं. "किडा नाही, बुरशी नाही. विष्ठेचा, कातडीचा, सगळे रिपोर्ट चांगले आलेत. मलम लावताय का अजून?"

"दोन वेळा."

"बंद करा. पिसं चिकट होतात, मग तो तीच साफ करायला बसतो. आणि हा वास?"

"फिनेल. रोज पिंजरा पुसते."

"तेही बंद."

बाईंनी पिशवीतून एक काळसर पारदर्शक चकती काढली. चोच अंगाला पोचू नये म्हणून त्यांनी साहेबांच्या छातीच्या जुन्या एक्स-रेतून हा गळपट्टा कापला होता. उजेडात धरला की त्यात दोन बरगड्या दिसत.

"हा घातला होता. काठीवरून खाली पडला. दोन तास पाण्याला तोंड लावता येईना, मग काढला."

डॉक्टरीण ती चकती हातात घेऊन जरा वेळ बघत राहिली. "याने चोच अडते, काकू. चोच का चालतेय ते तसंच राहतं." चकती परत देताना तिची नजर बाईंच्या हातांवर गेली. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलवटून लाल झाली होती. "हे याच्या चावण्याने?"

"साबणाने," बाई म्हणाल्या आणि हात पदराखाली घेतले.

डॉक्टरिणीने पिशवीतले कागद मागून घेतले. ती तक्ते चाळू लागली. वेळ, पिसं, खाणं, विष्ठा, उपाय. दर अर्ध्या तासाची नोंद, एक ओळ चुकलेली नाही.

"माझ्याकडे आजवर इतकं नीट कोणी लिहून आणलं नाही. माणसांच्या डॉक्टरांकडेही नसेल."

"त्यांच्याकडे मीच लिहायचे."

"हा 'उपाय' रकाना बघा. 'धावत गेले, थांबवले.' 'नाव घेऊन रागावले.' 'हातात घेऊन पीठ लावले.' म्हणजे त्याने पीस उपटलं की तुम्ही येता."

"लगेच."

"आणि नाही उपटलं तर?"

बाईंनी पिशवीचे बंद सारखे केले. मग म्हणाल्या, "मला कामं असतात."

"त्याला कळलंय, बेल कुठली दाबायची ते."

"बेल दाबणारे पेशंट मला नका शिकवू, डॉक्टर. चौतीस वर्षं काढलीत. उगाच दाबत राहायचे."

"काय हवं असायचं त्यांना?"

"काही नाही. जाऊन विचारलं तर बहुतेकांना काहीच नको असायचं."

हे बोलता बोलता बाईंनी कंडक्टरकडे बघितलं. काट्यावरचा आकडा अजून अठ्ठावीसच दाखवत होता.

डॉक्टरिणीने कागद ओढून लिहायला घेतलं. दुपारी कोमट पाण्याचा हलका फवारा. दाण्यासोबत हिरवा पाला. कुरतडायला कागद, मऊ लाकूड, जाडा दोरा. काहीतरी फाडायचंच असेल तर ते अंगाबाहेरचं असू द्या. रात्री दहा-बारा तास पूर्ण अंधार. आणि पिसं उपटताना धावायचं नाही. धावायचं ते तो स्वस्थ बसलेला असताना. मग तिने पेन टेकवून धरलं.

"आणखी एक रकाना वाढवा. त्या वेळी खोलीत कोण होतं."

"कोण असणार? वेगळा ठेवलाय त्याला. साहेब घरी आले त्याच दिवशी हलवला. पिसांची धूळ असते, यांची छाती नाजूक."

"छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? एवढं मला कळतं."

"बरं," डॉक्टरीण म्हणाली. "रकाना मात्र भरा."

दारापर्यंत जाऊन बाई वळल्या. "किती वेळ आहे हातात?"

"पंचवीसच्या खाली गेला तर मला फारसं काही करता येणार नाही, काकू. खोटं कशाला सांगू?"

*

फवारा झाला, पाला झाला, फिनेल बंद झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रेमध्ये बावीस पिसं होती आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर कंडक्टर सव्वीसला आला होता. धावायचं नाही हे बाईंना सगळ्यात जड गेलं. दाराआडून पीस तुटल्याचा बारीक आवाज यायचा आणि त्या ओट्याची कड धरून उभ्या राहायच्या. त्या आवाजावर न धावण्याइतकं कठीण काम त्यांनी सबंध नोकरीत केलं नव्हतं. मग बेसिनवर जाऊन हात धुवायच्या.

साहेबांच्या खोलीत दर दोन तासांनी जायचं. कूस बदलायची, पाणी पाजायचं, नाडी बघायची, पाठीला पावडर लावायची, लिहायचं, बाहेर यायचं. खोली लख्ख होती. खिडकीवर पडदा नको, धूळ बसते. रेडिओ नको, त्यांना विश्रांती हवी. भेटायला येणाऱ्यांनी दारातूनच पाहावं. बसमधले दोन जुने सोबती एकदा दारात उभे राहून, चपला हातात धरून, पाच मिनिटांत निघून गेले होते.

एक गोष्ट मात्र बाईंनी त्या तक्त्यात कधीच लिहिली नव्हती. दोन आठवड्यांपासून साहेबांचा चांगला, डावा हात पांघरुणाला चिमटे काढू लागला होता. अंगठा आणि बोट यांत लोकरीचा एक तंतू धरायचा, ओढायचा, सोडायचा, पुन्हा दुसरा. छातीवर तळहाताएवढी जागा विरळ झाली होती. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर नव्या मुलींना हळू आवाजात सांगायच्या, पेशंट पांघरूण चिमटायला लागला की घरच्यांना बोलावून घ्यावं. बाईंनीही पुढे कितीतरी मुलींना तेच सांगितलं होतं. आता त्या रोज सकाळी तो लोकरीचा पुंजका मुठीत उचलायच्या आणि कोणी बघत नसताना केराच्या डब्यात खाली दाबून टाकायच्या.

त्याच दुपारी लेकीचा फोन आला.

"कंडक्टर कसा आहे?"

"सव्वीस."

"आणि बाबा?"

"नाडी ब्याऐंशी. सकाळी खिमट अर्धी वाटी गेली."

"आई, मी नाडी नाही विचारली. तू बोलतेस का गं त्यांच्याशी?"

"बोलते की. तोंड उघडा म्हणते, कूस बदला म्हणते, ढेकर द्या म्हणते."

"ते सिस्टर बोलते. तू?"

"इथे ये आणि एक दिवस कर सगळं, मग विचार."

"शनिवारी येतेच आहे. रागावू नकोस."

"रागावले नाही. ठेवते, साडेतीनची नोंद करायचीय."

नोंद करायला त्या कोठीत गेल्या. कंडक्टरने मान वळवून चोच पाठीच्या उरल्यासुरल्या पिसांत खुपसली होती. त्या धावल्या नाहीत. तक्त्यासमोर उभ्या राहिल्या, पेन उघडलं आणि सवयीने नवा रकाना वरून खाली वाचला. तापाचा आलेख वाचावा तसा. नऊ: कोणी नाही. साडेनऊ: कोणी नाही. दहा: कोणी नाही. साडेदहा: मी, दोन मिनिटं. अकरा: कोणी नाही. साडेअकरा: कोणी नाही. परवाचा कागद उलटला, कालचा उलटला. अक्षर त्यांचंच होतं, सरळ, स्वच्छ, एकाखाली एक.

साडेतीनसमोर त्यांनी लिहिलं: कोणी नाही. आणि पेन तसंच उघडं धरून त्या आतल्या खोलीत गेल्या.

साहेब छताकडे बघत पडले होते. डावा हात चालू होता. बाईंनी पायथ्याचा तक्ता काढला, पट्टी शोधायला न थांबता हातानेच एक उभी रेघ मारली, वाकडी, आणि डोक्यावर लिहिलं: त्या वेळी खोलीत कोण. मग सकाळपासून आठवून भरायला सुरुवात केली. सहा: मी, कूस. साडेसहा: कोणी नाही. सात: कोणी नाही. साडेसात: कोणी नाही. आठ: मी, खिमट. साडेआठला त्यांचं पेन थांबलं. पुढच्या ओळी भरायची गरज नव्हती.

चर्र, असा अगदी बारीक आवाज आला. लोकरीचा तंतू तुटल्याचा. दाराआडून तीन दिवस ऐकत होत्या त्याच आवाजाचा सख्खा भाऊ.

बाईंनी तक्ता पलंगावर ठेवला. खिडकी उघडली. कोठीत जाऊन त्यांनी पिंजऱ्याची कडी धरली. पाय उंबऱ्याशी अडले. चौतीस वर्षं या पायांना एकच गोष्ट शिकवली होती, की या खाटेचं दुखणं त्या खाटेकडे न्यायचं नाही. "देवा," त्या म्हणाल्या, "चुकलं तर माझ्या नावावर लिही." आणि उंबरा ओलांडला.

पिंजरा त्यांनी साहेबांच्या डाव्या बाजूला, गादीवरच, बरगडीला टेकवून ठेवला. स्वतः एक लाकडी खुर्ची घेतली आणि दाराजवळ भिंतीला लावून बसल्या. तीन महिन्यांत या खोलीत त्या पहिल्यांदा बसत होत्या.

काही झालं नाही. कंडक्टर काठीच्या पार पलीकडच्या टोकाला सरकला. साहेबांची नजर हळूहळू छतावरून उतरली, भिंतीवरून खाली आली आणि पिंजऱ्यावर थांबली. त्या राखाडी, उघड्या छातीकडे ते बघत राहिले. मग बाईंकडे बघितलं. त्या नजरेत काय विचारलं होतं ते बाईंना पुरतं कळलं.

"होय हो," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातून झालं."

कंडक्टरने पंखाखाली चोच घातली आणि एक पीस ओढून काढलं. बाईंचे दोन्ही हात खुर्चीच्या कडेला आवळले गेले. त्या उठल्या नाहीत.

साहेबांचा हात पुन्हा पांघरुणाकडे गेला. तंतू धरला, ओढला, लांब निघाला. पण या वेळी त्यांनी तो सोडला नाही. दोनदा चुकून, तिसऱ्यांदा तो गजांच्या फटीतून आत सारला. तंतू तिथे हलत राहिला. बऱ्याच वेळाने कंडक्टर काठीवरून एक पाऊल अलीकडे आला. मग आणखी एक. मान वाकडी करून त्याने बघितलं, तंतूचं टोक चोचीत धरलं आणि ओढलं. साहेबांनी आपल्या बाजूने धरून ठेवलं. त्याने पुन्हा ओढलं. चर्र झालं. तंतू तुटला, आणि साहेबांची बोटं दुसरा शोधू लागली.

उघड्या खिडकीतून रस्त्यावरच्या रहदारीचा आवाज येत होता. एक मोठी गाडी थांब्यावर थांबून निघाल्याचा आवाज आला, गिअर बदलल्याचा आला. साहेबांच्या डाव्या पायाचा अंगठा पांघरुणाखाली, क्लच दाबावा तसा, किंचित दाबला गेला.

किती वेळ गेला ते बाईंनी पाहिलं नाही. चारची नोंद राहिली, साडेचारची राहिली. हात धुवायचे राहिले. पांघरुणावर पडलेल्या तक्त्यावर लोकरीचे तंतू आणि एक निळं, बारीकसं पीस येऊन पडलं होतं. कंडक्टरने त्यानंतर अंगाचं दुसरं उपटलं की नाही, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मग साहेबांचे ओठ हलले. वाकडं झालेलं तोंड त्यांनी मोठ्या कष्टाने मिटलं. आत जीभ कुठेतरी जागा शोधत होती. एक ओला, पडका आवाज आला, नुसता फुसका. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा जोर केला.

टक्.

आणि खूप अंतराने, टक्.

कंडक्टर ताठ झाला. दोरा चोचीतून गळाला. त्याने डोकं एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला वळवलं, उघड्या छातीवरची राखाडी लव फुलली आणि बसली. साहेब वाट बघत होते. बाईही वाट बघत होत्या.

पक्षी काही बोलला नाही.

साहेबांची मान उशीवर तशीच त्याच्याकडे वळलेली राहिली. दोन घंट्यांनंतरचं 'चला, पुढे सरका' यायचं राहिलं होतं. मग सिस्टरबाई उठल्या, दाराजवळची खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि पुढे सरकवून पलंगाला लावली.